आतल्या माणसासाठी पोस्टाने बीए: करावं का? घरच्यांकडून रिव्ह्यू

माझा धाकटा भाऊ आत असताना बीएला बसला. पहिलं वर्ष आणि दुसऱ्या वर्षाचा थोडा भाग त्याने जेलमधून केला, आता जामिनावर बाहेर आहे आणि पुढचं करतोय, तर हा रिव्ह्यू त्या कोर्सचा. लिहायचं कारण असं की मी शोधत होते तेव्हा मराठीत काहीच सापडलं नाही. पेपरात 'बंदी झाला पदवीधर' अशी फोटोसकट बातमी येते, साहेब लोक सर्टिफिकेट देताना उभे असतात, पण फॉर्म कोण भरतं, पुस्तकं आत कशी जातात, कच्च्या कैद्याला हे करता येतं का, परीक्षेच्या दिवशी कोर्टाची तारीख आली तर काय, हे कोणी लिहीत नाही. आणि ज्यांचं माणूस आत आहे त्यांना नेमकं तेच पाहिजे असतं.

केस काय आहे ते लिहिणार नाही, चालू आहे. जेलचं नाव आणि त्याच्या विद्यापीठाचं नाव पण घेत नाही, त्यावरून तो कोण ते काढणं सोपं आहे आणि त्याला उद्या नोकरी शोधायची आहे. महाराष्ट्रातलं एक सेंट्रल जेल, एवढं पुरे.

आधी पर्याय काय आहेत ते सांगून टाकते. आपल्याकडे आतून डिग्री करायची तर मुख्य नावं दोनच, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ साली सुरू झालेलं, आणि दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ चं. इग्नूने दिल्लीच्या तिहार जेलमध्ये १९९४ मध्येच सेंटर काढलं होतं, म्हणजे ही काही नवी कल्पना नाही. नागपूर सेंट्रल जेलमध्ये दोन्ही विद्यापीठांचे कोर्स चालतात. इग्नूत जेलमधल्या बंद्यांना फी माफ आहे ही मोठी गोष्ट, पण तिथलं बहुतेक मटेरियल इंग्रजी किंवा हिंदीत येतं. मराठी मीडियममधून शिकलेल्या आणि मधे बरीच वर्षं वही-पेनाला हात न लावलेल्या माणसाला यशवंतरावची मराठी पुस्तकं जास्त झेपतात असं माझं मत, ज्याला हिंदी वाचायची सवय आहे त्याने इग्नू बघावं. दहावी राहिली असेल तर शाळेत न जाता परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म आहे आपल्या बोर्डाचा, किंवा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, आहे. बारावी नसेल तर मुक्त विद्यापीठांचे तयारीचे छोटे कोर्स असतात पण त्यांचे नियम बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाचं माहितीपत्रक बघूनच ठरवा, दोन वर्षांपूर्वी कोणाला मिळालं होतं यावर जाऊ नका.

आता मुद्द्याचं. माझा भाऊ कच्चा कैदी होता. म्हणजे शिक्षा झालेली नाही, केस चालू, ऑफिसच्या भाषेत न्यायाधीन बंदी. आणि अडचण इथूनच सुरू झाली. त्याने आतल्या शिक्षण विभागात जाऊन नाव द्यायचा प्रयत्न केला तर त्याला सांगितलं गेलं की तू कच्चा आहेस, तुझा काय भरवसा, आज आहेस उद्या जामीन होईल नाहीतर दुसऱ्या जेलला जाशील, सीट वाया जाईल. त्याने मुलाखतीत, म्हणजे मी जेलमध्ये भेटायला गेले तेव्हा, हे मला सांगितलं तेव्हा मला आधी ते पटलं सुद्धा, मग घरी येऊन विचार केला की अरे, डिग्रीच्या कोर्सला कसली सीट वाया जातेय, पुस्तकं त्याची, फॉर्म त्याचा, बाहेर आला तर बाहेर परीक्षा देईल. नियमात कुठेही कच्च्या कैद्याला शिकता येणार नाही असं लिहिलेलं मला दाखवता आलं नाही कोणाला. फक्त पद्धत तशी पडलीये.

आणि हे कितीजणांचं आहे बघा. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या जेलमध्ये ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे चारात तीन. शिक्षा झालेल्यांना निदान काम असतं, कारखाना असतो, शेती असते, सुतारकाम, लूम, बेकरी, त्याची थोडी मजुरी पण मिळते. सक्तमजुरी त्यांनाच असते, कच्च्यांवर कामाची सक्ती नाही, आणि त्यामुळे कच्च्या माणसाला दिवसभर काहीच नाही. तो बरॅकमध्ये बसतो, टोटल म्हणजे हजेरीची मोजणी देतो, जेवतो, परत बसतो, तारखेची वाट बघतो. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त रिकामा वेळ आहे त्यालाच कोर्स सगळ्यात कठीण मिळतो, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही आणि ह्या पूर्ण सर्विसबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

शिक्षा झालेल्यांना अजून एक फायदा असतो, माफीचा. महाराष्ट्रात दहावी, बारावी, डिग्री पूर्ण केलेल्या शिक्षाबंद्याला ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते, म्हणजे शिक्षेतून तेवढे दिवस कमी. चांगली योजना आहे, त्याने खूप लोक अभ्यासाला बसतात आणि बसावंच, कोणी माफीसाठी बसलं म्हणून त्याचं शिकणं खोटं होत नाही. पण कच्च्याला शिक्षाच नाही तर माफी कशातून देणार? मग आतल्या स्टाफला पण वाटतं की ह्याला ह्यातून काय मिळणार, आणि त्यालाही वाटतं मला काय मिळणार.

आमचं काम झालं ते एका लेखी अर्जाने. वकिलांनी सांगितलं तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भावाने आतून जेलच्या अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज लिहिला, की मी बारावी पास आहे, मला पुढे शिकायचं आहे, परवानगी मिळावी, आणि मी बाहेरून तसाच दुसरा अर्ज दिला. नाही म्हटलं असतं तर कोर्टात अर्ज करायची तयारी होती. तशी वेळ आली नाही, परवानगी मिळाली. ज्यांच्यावर ती वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते, २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भीमा कोरेगाव केसमधल्या महेश राऊत यांना लॉला ॲडमिशन घ्यायची परवानगी दिली होती, ते तळोजा जेलमध्ये होते आणि तेव्हा न्यायाधीन बंदीच होते. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की माणूस आत आहे म्हणून त्याचा पुढे शिकायचा हक्क जात नाही. लॉ पोस्टाने होत नाही, त्याला हजेरी लागते, तरी परवानगी मिळाली. मग जो बीए मुळातच हजेरीशिवाय करायचा आहे त्याला नाही म्हणायला जागाच कुठे राहते? तुमच्या वकिलांना हे नक्की सांगा.

फॉर्मबद्दल. ॲडमिशन आता सगळीकडे ऑनलाइन, आणि आतल्या माणसाकडे ऑनलाइन काहीच नाही, त्यामुळे काम घरच्यांवर येतं. बारावीचं मार्कशीट, टीसी, आधार, फोटो, सही. फोटो हा साधा वाटणारा विषय आहे पण लग्नातला, गॉगलवाला, मित्रांबरोबरचा कापलेला असा कुठलाच फोटो पोर्टल घेत नाही, आमच्याकडे नशिबाने जुना पासपोर्ट साइज निघाला. सही कागदावर आतून मागवली, ती यायला बरेच दिवस गेले. पत्ता मी घरचाच टाकला, आणि हा निर्णय बरोबर ठरला. पुस्तकं, हॉल तिकिट, मार्कशीट सगळं घरी येतं आणि पुढे आयुष्यभर कुठल्या कागदावर जेलचा पत्ता राहत नाही. भाऊ स्वतः आधी म्हणत होता की ताई इथलाच पत्ता टाक, पुस्तकं थेट मिळतील, पण मी ऐकलं नाही.

आमच्या वेळी निदान ओटीपीचा एवढा त्रास नव्हता. २०२४ पासून डिस्टन्सच्या ॲडमिशनला यूजीसीचा डीईबी आयडी, म्हणजे डिस्टन्सच्या विद्यार्थ्याचा ओळख नंबर, लागतो, त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर, काढावा लागतो, तो डिजिलॉकरमधून, डिजिलॉकर आधारवरून, आणि आधारचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. आता विचार करा, ज्याला अटक झाली त्याचा मोबाइल कुठे असतो? पोलिसांच्या मुद्देमालात, सील करून. सिम त्याच्यातच, रिचार्ज नसल्याने बंद. नवीन सिम काढायचं तर माणूस स्वतः पाहिजे, आधारला जोडलेला नंबर बदलायचा तरी ओळख पटवायला माणूस स्वतः पाहिजे. माणूस कुठे आहे? आमच्या ओळखीच्या एका काकूंचा मुलगा सध्या ह्याच चक्रात अडकलाय, फॉर्मची मुदत गेली, आता पुढच्या सत्राची वाट. काही जेलमध्ये आधारचे कॅम्प लागतात, तेव्हा नाव द्यायला सांगा आणि नंबर घरच्या माणसाचा जोडून घ्या, सध्यातरी मला दुसरा रस्ता दिसत नाही. ज्यांनी ही सिस्टीम बनवली त्यांना खोट्या ॲडमिशन थांबवायच्या होत्या, हेतू चांगला होता, पण सगळ्यांच्या हातात फोन आहे असं धरून ती बनवलीये. आतल्या लोकांसाठी जेलच्या पत्रावर किंवा शिक्षण विभागाच्या सहीवर ॲडमिशन द्यायची सोय ठेवायला काय हरकत होती.

पुस्तकांवर येते. मटेरियल चांगलं आहे, खरंच चांगलं आहे, आणि हे मी स्वतः वाचून सांगतेय कारण आत पाठवायच्या आधी मी सगळी चाळली आणि लोकप्रशासनाचं तर अर्धं वाचून काढलं. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं शिक्षक समोर नाही हे धरूनच लिहिलेली असतात. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला ह्यात काय शिकणार ते, मधेमधे छोटे प्रश्न, शेवटी उत्तरं आणि कठीण शब्दांचे अर्थ. कॉलेजच्या पोराला हे कंटाळवाणं वाटेल, तो सरळ गाइड घेतो. पण ज्याला शंका विचारायला कोणीच नाही त्याला हीच रचना उपयोगाची. भाऊ म्हणतो मी मधले प्रश्न सोडवून मागे उत्तर बघायचो, बरोबर आलं की दिवस चांगला जायचा.

पण पुस्तकं वेळेवर येतील तर ना. आमची पहिली खेप इतकी उशिरा आली की असाइनमेंटची तारीख डोक्यावर आली होती. पीडीएफ वेबसाइटवर होती पण पीडीएफ आत कशी वाचणार? मी प्रिंट काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं आणि घेऊन गेले तर गेटवर स्पायरलची तार चालत नाही म्हणून परत. मग दोऱ्याने शिवून दिल्या. तेव्हा कोणी गेटवर काही घेऊन जाणार असेल तर स्पायरल नको, पिना नको, जाड पुठ्ठा नको, आणि आधी विचारून जा कारण प्रत्येक जेलचं वेगळं असतं, काही ठिकाणी तर ड्युटी बदलली की नियम बदलतो.

आत अभ्यास कसा होतो हे मी ऐकूनच सांगू शकते. बरॅकमध्ये क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं, झोपायला अंथरुणाएवढी पट्टी, रात्रभर लाइट चालू आणि टीव्ही एका ठराविक वेळेपर्यंत. संध्याकाळी बंदी झाली, म्हणजे सगळ्यांना मोजून आत कोंडलं, की सकाळपर्यंत तिथेच. भाऊ रात्री टीव्ही बंद झाल्यावर वाचायचा, लाइट तशीही चालूच असते. सुरुवातीला आजूबाजूचे चिडवायचे, कलेक्टर होणार का वगैरे. मग हळूहळू बदललं. एक जन्मठेपेवाले काका होते, ते सर्कलमधल्या, म्हणजे जेलच्या त्या भागातल्या, लायब्ररीचं काम बघायचे आणि स्वतः आतूनच बीए झालेले, त्यांनी त्याला असाइनमेंट कशी लिहायची ते शिकवलं, प्रश्न आधी लिही, समास सोड, एकाच पानावर कोंबू नकोस. विद्यापीठाकडून शिकवायला बाहेरचे प्राध्यापक येणार असं कागदावर असतं, भाऊ आत होता त्या काळात ते फार क्वचित आले, आणि आले तेव्हा सुद्धा कच्च्यांना त्या हॉलपर्यंत न्यायला शिपाई मोकळा असेल तर. त्यामुळे शिकवलं ते काकांनी, असंच म्हणावं लागेल. मला वाटतं अशा पदवीधर बंद्यांना विद्यापीठांनी रीतसर मदतनीस म्हणून नेमावं, चार पैसे द्यावे, एक सर्टिफिकेट द्यावं. ते काम करतच आहेत.

जेलच्या शिक्षकांबद्दल पण लिहायलाच पाहिजे. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. आधीचे गुरुजी होते ते स्वतः फॉर्म तपासायचे, फोन केला तर नीट बोलायचे, मला एकदा म्हणाले मॅडम परीक्षेचा फॉर्म ह्या आठवड्यात भरून टाका नाहीतर लेट फी लागेल. ते आठवण करून देतात म्हणून कितीतरी जणांचं वर्ष वाचलं असेल. मग त्यांची बदली झाली आणि नवीन माणूस येईपर्यंत सगळं जागच्या जागी थांबलं, पूर्ण केलेल्या असाइनमेंट टेबलावर पडून राहिल्या. एवढी मोठी विद्यापीठं, एवढं मोठं खातं, आणि सगळा डोलारा एका माणसाच्या चांगुलपणावर उभा आहे. तुमच्या जेलमधले गुरुजी चांगले असतील तर कोर्स पाच स्टार, नसतील तर दोन.

परीक्षा. सेंटर जेलमध्येच असतं, ही मोठीच सोय, पोलीस गार्ड घेऊन बाहेर जायची भानगड नाही. पण कच्च्याची कोर्टाची तारीख असते. पहिल्या वर्षी त्याच्या इतिहासाच्या पेपरच्याच दिवशी तारीख लागली. तारखेला नाही गेला तर केस लांबणार, गेला तर पेपर बुडणार. आम्हाला हॉल तिकिट आधी मिळालं होतं म्हणून वकिलांनी ते लावून अर्ज दिला, त्या दिवशी व्हीसीवर, म्हणजे जेलमधूनच व्हिडिओ कॉलवर, हजर करा आणि तेही दुपारनंतर, आणि न्यायाधीशांनी लगेच मंजूर केला. मला फार बरं वाटलं तेव्हा, कारण त्या कोर्टरूममध्ये पहिल्यांदा माझ्या भावाबद्दल 'परीक्षा आहे' असं काहीतरी बोललं गेलं होतं. त्यामुळे टाइमटेबल लागलं की त्याच दिवशी वकिलांना पाठवा, आदल्या दिवशी पळापळ करून काही होत नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं परत करायला तयार आहे ते सांगते.

मुलाखत म्हणजे काचेच्या पलीकडे माणूस आणि हातात फोन, वीसेक मिनिटं, मागे लाइन. पहिले काही महिने आमचं बोलणं एकच, जेवलास का, वकील काय म्हणाले, पैसे पोचले का, आईला सांभाळ. चारच वाक्यं, मग दोघं गप्प. आईला तर रडू यायचं आणि तिची वेळ रडण्यातच संपायची. कोर्स सुरू झाल्यावर बोलायला विषय आला. तो सांगायचा ह्यावेळी काय वाचलं, मी त्याला पुढच्या असाइनमेंटचे प्रश्न वाचून दाखवायचे, तो घाईघाईने हातावर लिहून घ्यायचा. आई सातवी शिकलेली, ती पण विचारायला लागली की पेपर कसा गेला. मुलाला कुठल्याही आईने विचारावा असा प्रश्न तिला परत विचारता आला. वकिलाची फी, पोलिसांच्या चकरा, नातेवाइकांचं तोंड फिरवणं ह्या सगळ्यात घरात एक तरी चांगली बातमी असायची, ६२ मार्क पडले, ५८ पडले. आम्ही पेढे आणले होते पहिल्या वर्षाच्या निकालाला आणि शेजारी दिले, काय सांगून दिले? भाऊ फर्स्ट इयर पास झाला असंच सांगून. ज्या बाईने वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं तिनेही घेतला.

दुसरी गोष्ट. लोकप्रशासन आणि राज्यशास्त्र वाचल्यावर त्याने स्वतःची चार्जशीट वाचायला घेतली. ती मराठीतच होती, त्याच्याकडे कित्येक महिने पडून होती, पण त्याला वाटायचं हे वकिलाचं काम. बसून एकेक पान वाचलं, साक्षीदारांच्या जबाबातल्या तारखा जुळत नव्हत्या त्या खुणा करून वकिलांना कळवल्या. वकील मला म्हणाले हा आधी मान हलवायचा, आता प्रश्न विचारतो. जामीन त्याच्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, कारणं वेगळी होती. पण आपल्यावर काय आरोप आहे हे त्या माणसाला स्वतःला वाचता येणं ही मी फार मोठी गोष्ट समजते. नंतर तो बरॅकमधल्या बाकीच्यांचे पण अर्ज लिहून द्यायला लागला, विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागायचा अर्ज, आई आजारी आहे म्हणून अर्ज, तारीख मिळत नाही म्हणून अर्ज. कलेक्टर म्हणून चिडवणारेच लाइन लावायचे.

जामिनाच्या आधी त्याला काही महिने दुसऱ्या जेलला हलवलं होतं, गर्दी झाली की कच्च्यांना हलवतात. आदल्या रात्री सांगतात आणि सकाळी गाडी. कपडे गेले बरोबर, पुस्तकं मागे राहिली. नवीन ठिकाणी त्या विद्यापीठाचं सेंटरच नव्हतं. सेंटर बदलायचा अर्ज, त्याची फी, त्याला लागणारं जुन्या सेंटरचं पत्र, ह्यात एक पूर्ण परीक्षा हुकली. विद्यापीठाच्या हेल्पलाइनवर मी फोन केला की माझा भाऊ जेलमध्ये आहे, त्याची बदली झाली, तर समोरच्या मुलीला वाटलं तो जेलमध्ये नोकरीला आहे. मी समजावून सांगितलं तर ती गडबडली आणि फोन होल्डवर टाकला तो टाकलाच. तिला दोष देत नाही, तिला कोणी शिकवलेलंच नसणार. पण आतल्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळा नंबर, एक माणूस, एवढं तरी पाहिजे. आणि जेल बदललं तर रेकॉर्ड आपोआप पुढच्या सेंटरला जावं, घरच्यांनी पत्रं गोळा करत फिरू नये.

त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे मुदत लांब असते. इग्नूत ३ वर्षांची डिग्री ६ वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, बाकी ठिकाणीही जादा वर्षं मिळतात, आणि पास झालेला पेपर पास राहतो. एक परीक्षा हुकली म्हणून सगळं गेलं असं नाही, हे आतल्या माणसाला परत परत सांगा, कारण तिथे एक गोष्ट बिघडली की माणूस सगळंच सोडून देतो.

बायकांच्या बाजूचं मला थोडंच माहीत आहे. मुलाखतीच्या लाइनमध्ये भेटलेल्या एका मावशींची सून आत होती, तिला शिकायचं होतं, पण त्यांच्या बाजूला डिग्रीला बसणाऱ्या इतक्या कमी की कोर्सची माहिती तिथे पोचतच नव्हती, शिवण आणि ब्यूटी पार्लरचे क्लास होते ते चांगले चालले होते. एका मुलीसाठी सेंटर चालवत नाहीत असं तिला सांगितलं. पोस्टाच्या कोर्सला एक काय आणि पन्नास काय! मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा प्रयास नावाचा प्रकल्प आहे, १९९० पासून आतल्या आणि सुटून आलेल्या लोकांसोबत काम करतो, मुंबईकडच्यांनी तिथे विचारून बघायला हरकत नाही.

'जेलमध्ये फुकट शिक्षण, आमची पोरं फी भरून मरतात' हे पण ऐकलंय मी, जवळच्या माणसाकडून ऐकलंय. त्यांना माझं उत्तर एवढंच की तुमच्या मुलाने हीच डिग्री घ्यावी, ती त्यालाही खुली आहे, आणि माझ्या भावाच्या पुस्तकाने त्याच्या ताटातलं काही कमी झालेलं नाही. आणि कच्चा कैदी म्हणजे गुन्हेगार नाही, कोर्टाने अजून काही ठरवलेलं नाही. उद्या निर्दोष सुटला तर ती गेलेली वर्षं त्याला कोण देणार आहे?

रेटिंग द्यायचं तर कोर्स आणि पुस्तकं साडेचार, फी आणि जेलमधलं परीक्षा सेंटर पाच, पुस्तकं पोचणं दोन, जेल बदलल्यावरची सोय एक, कच्च्या कैद्यांना प्रवेश एक, आणि ओटीपीवाला सध्याचा प्रकार शून्य. तरीपण विचाराल तर घ्या. नक्की घ्या. बीएच पाहिजे असं नाही, सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स घेऊन सुरुवात केली तरी चालेल, त्यात माणसाला सवय लागते आणि तुम्हालाही गेटवरचं, फॉर्मचं सगळं कळतं.

सध्या भावाचं सेंटर आमच्या तालुक्याच्या कॉलेजमध्ये बदलून घेतलंय, दिवसा एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला जातो, राहिलेले दुसऱ्या वर्षाचे पेपर येत्या परीक्षेला देणार आहे. कोणाला अर्जाचा नमुना पाहिजे असेल तर खाली विचारा, अधीक्षकांच्या नावाचा आणि पेपरच्या दिवशी व्हीसीसाठी कोर्टात दिलेला, दोन्ही आहेत माझ्याकडे, नावं काढून टाकते. आणि फॉर्म भरणार असाल तर आधी आधारला कुठला नंबर जोडलाय तेवढं आजच बघून घ्या.